आमच्या बाजूनं दांडा नव्हता

इमल,

त्या दुपारी आपण पाचव्या डब्ब्याले दांडा लावून राहिलो होतो. दांडा म्हणजे ब्रेकचा. मालगाडीच्या डब्ब्याच्या बुडाशी एक लांब लोखंडी दांडा असते, रेल्वेचा खलाशी तो दाबते अन् डब्बा जागी थांबते. आपला डब्बा पत्र्याचा, वीतभर, त्याचा दांडा बोटभर बी नव्हता, मोडक्या छत्रीची काडी ठोकून केलेला. एका बाजूचा सकाळीच लावून झाला होता. दुसऱ्या बाजूचा मी लांबीत बसवला, आलमारीचे खड्डे बुजवाले लावतात तेच लांबी, अन् तुले म्हणलं, "हे धर. सुकेपर्यंत सोडू नको."

तू अंगठा ठेवला. चष्मा नाकावरून घसरला होता अन् तुहे दोन्ही हात गुंतले होते. तो मीच वर केला.

"धरला," तू म्हणली. "पण सांगून ठेवते, आमच्या बाजूनं दांडा नव्हता."

"झालं का सुरू?"

"नव्हता म्हणजे नव्हता. माही माय तिथं गोधड्या वाळू घाले. डब्ब्याच्या दाराच्या कडीले बांधून खाली सोडे. दांडा असता तं गोधडी अडकली नसती का?"

"तू काय रेल्वेत होती?"

"तुमी तरी कुठं होते? रुईच्या गाठी तं उचलत."

"चूप राय अन् दाब."

तू चूप राहिली अन् दाबलं. लांबी सुकली. तू अंगठा पदराले पुसला, चहा केला, आपण पेलो. "जरा पडते मी," म्हणून आत गेली. मी दांडे काळे केले, डब्बा खिडकीत वाळू घातला अन् हाक मारली, "ये, पाह्य कसा दिसते." तू आली नाई. दुसरी हाक मी चिडून मारली. तिसरी मारली नाई, उठून आत गेलो.

चूप राय. तुह्या कानावर पडलेला माहा शेवटचा बोल हा. त्या दिवशी चहा चांगला झाला होता, तेवढं बी तोंडातून निंघालं नाई.

शोभी तेरवीपर्यंत राहिली. अमरावतीले परत जाताना तुही पोरगी मले म्हणते, "बाबा, तुमी कोणाशीच बोलून नाई राहिले. आईले लिहून तरी टाका." चवथीत शाळा सुटलेला माणूस काय लिहीन? घरात लिहाचं काम तुहं. किराण्याची चिठ्ठी तू, पोरीले पत्र तू, डब्ब्यावरची अक्षरं बी तू. माहं लिहिलेलं पाहून तू म्हणे, कोंबडी चालली कागदावरून. तं आता चालू दे कोंबडी. हासणारी तं गेली.

लोकाईले वाटे, म्हाताऱ्या-म्हातारीले खेळण्याचा नाद लागला. अकोल्याच्या जुन्या शहरात आपल्या गल्लीतले लोकं दारातून डोकावून इचारत, "काका, हे नातवासाठी का?" तू म्हणे, "नाई, आमच्यासाठीच." खरं कोणाले सांगितलं नाई आपण. सांगाले लाज वाटे. आता कशाची लाज?

अंजनगावले जिनिंगच्या मांगं छोट्या लाईनचं सायडिंग होतं. अडीच फुटाचे रूळ, त्यावरचे डब्बे बी बुटके. रुईच्या दाबलेल्या गाठी आमी हमाल लोकं त्यात भरत होतो. आमी जिनिंगच्या अंगानं भरत. पलीकडल्या अंगाले गँगमनचे क्वार्टर, अन् त्यातल्या एका क्वार्टरात तुहा बाप. मुकादमाचा पहिल्या दिवसापासूनचा हुकूम, कोण्या हमालानं रूळ ओलांडून पलीकडं जायचं नाई, तिकडं बायामाणसं राहतात. तुह्या बापाचा हुकूम तोच, उलटा. पोरीनं रूळ ओलांडून हमालाइकडं जायचं नाई.

पण डब्ब्याले दोन दारं. रिकामा डब्बा आला की आत झाडून काढाले दोन्ही दारं उघडत. या दारातून ते दार दिसे, अन् त्या दारात तू, बादली घेऊन. डब्बा भरत गेला की तू कमी कमी दिसे. म्हणून मी मधातल्या गाठी शेवटी ठेवो. मुकादमाच्या ध्यानात आलं तवा त्यानं साऱ्याइसमोर मह्या बापाचा उद्धार केला. तरी ठेवो.

तू पहिल्यांदा काय बोलली, मले अजून पाठ हाये. "ओ हमाल, काय पाहून राहिले? भरा लवकर, गाडी जाईन."

मी म्हणलं, "गाडीले टाइम हाये."

तू म्हणली, "मले नाई," अन् बादली आपटून गेली. दुसऱ्या दिवशी बादलीत पाणीच नव्हतं. रिकामी बादली घेऊन उभी राहिली होती तू. ते मी तुले लग्नानंतर सांगितलं तं तू कबूल नाई झाली. कधीच नाई झाली.

मागणी घालाले आलो तवा बी रूळ नाई ओलांडला मी. गावातून चक्कर मारून, सडकेनं, समोरच्या दारानं आलो. तुह्या बापाले ते आवडलं म्हणे. लग्न झालं, हमाली सुटली, अकोल्यात लोखंडी आलमाऱ्याच्या कारखान्यात लागलो. पत्रा कापणं, वाकवणं, डाग देऊन जोडणं तिथंच शिकलो. पण त्या डब्ब्याची दुसरी बाजू मी पाहिली नाई ते नाईच. अन् ते पाहिली नाई, हे बी माह्या कधी डोक्यात आलं नाई.

छोटी लाईन बंद पडली, डब्बे भंगारात गेले, हे बसमधल्या कोणाच्या तोंडून आपण ऐकलं. घरी जेवताना तू म्हणली, "तुमाले पत्र्याचं काम येते ना? मंग आपला डब्बा करा."

पहिला डब्बा मी केला तो चुकीचा. मोठ्या लाईनच्या डब्ब्याले पुढं धक्का झेलाले दोन बफर असतात, तशे दोन लावले. तू कंबरेवर हात ठेवून म्हणली, "हा कोण्या गावचा जावई? आपल्याले मधात एकच होता, बैलाच्या खुरावाणी." खरं होतं. काढले. छप्पर मी सपाट केलं होतं, तू म्हणली त्याले पाठ होती, म्हशीसारखी. ते बी खरं. सारं परत केलं.

माप कुठून आणावं? आपल्यापाशी ना नकाशा ना फोटो. दाराची रुंदी मह्या खांद्याले माहीत होती. गाठ आडवी जात नसे, तिरपी करूनच घाला लागे, अन् तिरपी करताना माहं ढोपर कुठं घासे ते मले झोपेतून उठवून इचारलं तरी सांगतो. जमिनीपासून दाराची उंची तुह्या मायच्या गोधडीनं काढली. कडीले बांधली की जमिनीच्या वीतभर वर राहे, तू म्हणे, अन् गोधडी तुह्यापाशी होतीच, ट्रंकेत. टेप लावला. फुटाले पाव इंच धरून सारं लहान केलं. बाळापूरच्या राशीदभाईनं तेलाच्या पिप्याचा पत्रा देला, पत्र्याचं दुकान हाये त्याचं, पैशे घेत नसे.

रिव्हेट, म्हणजे पत्र्यावरच्या खिळ्याइची गोल डोकी, ते काम तुहं. पत्रा उलटा करून जुन्या चपलेच्या रबरावर ठेवे अन् बोथट सुईनं एक एक टिंब उठवे. सुलट केला की रिव्हेटच. रेघ वाकडी झाली की तू पत्रा फेके, माहं अर्ध्या दिवसाचं काम जाये. मी बोंबललो की तू म्हणे, "वाकडा डब्बा रुळावर चालते का?" रंगाले तं तू आठ दिवस घेतले. बाजारातला लाल तुले लग्नातल्या मंडपासारखा वाटे. शेवटी गेरू अन् काजळी अन् थोडा कात घालून खलला, आंगणात वाळवला, अन् एका दुपारी म्हणली, "हा. हाच." मी पाहिलं अन् माह्या नाकात रुईचा वास आला. खोटं नाई सांगत.

इंग्रजी अक्षरं तुले वाचता येत नव्हती. रांगोळीसारखी काढली, पांढऱ्या रंगानं, जशी डोळ्यापुढं होती तशी. शोभी म्हणे बरोबर हायेत.

एका दांड्यावरच आपलं कधी पटलं नाई. चार डब्बे झाले, चारीवर मी दोन्ही बाजूले दांडे लावले. मी म्हणे, "ये बाई, त्या दांड्यावर पाय देऊन मी डब्ब्यात चढलो. खोटं कसं होईन?" तू म्हणे, "चढले असान. आमच्या बाजूनं नव्हता." मी म्हणे, "बैलगाडीले एकाच बाजूनं चाक असते का?" तू म्हणे, "मी बैलगाडीचं नाई सांगून राहिली." एवढं झालं की मी तंबाखू मळाले बसे.

अमरावतीले शोभीनं आपले डब्बे एका प्रदर्शनात ठेवाले लावले होते. हौशी लोकाइचं प्रदर्शन, हॉलमध्ये टेबलं मांडलेले, कोणाचं इंजिन, कोणाचं स्टेशन. तू नवी साडी नेसली होती अन् टेबलामांगं बसून राहिली होती. एक चष्मेवाला साहेब आला, भिंग लावून बुडातून पाहाले लागला. लई वेळ पाहिलं त्यानं. तुह्या रिव्हेटले त्यानं हात जोडले. मंग मले इचारलं, "काका, दांडा दोन्ही बाजूंना होता का हो? इतक्या जुन्या डब्ब्यांना?"

मी म्हणलं, "होता! मी स्वता पाय देला त्यावर."

तुहं तोंड माह्याकडं होतं. तू एक शब्द बोलली नाई. साहेबानं वहीत लिहून घेतलं, तरी बोलली नाई. परतीच्या बसमधी बडनेऱ्याच्या पुढं गेल्यावर खिडकीबाहेर पाहत म्हणली, "खोटं लिहून गेला बिचारा." बस. अकोला येईपर्यंत एवढंच.

इमल, चार लोकाइत तू माही मान खाली नाई होऊ देली. मी तुही किती वेळा केली त्याचा हिशोब तूच ठेवला नाई, मी काय सांगू?

राशीदभाई भेटाले आला. मंग डब्ब्याइकडं पाहून म्हणे, "भाई, भाभी पूछती थी, मूर्तिजापूर के यार्ड में पुराना डब्बा खड़ा है क्या अभी. मैं बोला, है, बबूल में. तुम लेके नहीं गए?"

नाई नेलं. तू मले दोनदा म्हणली होती, एकदा नेऊन दाखवा. पहिल्यांदा मी म्हणलं, गुडघे दुखतात. दुसऱ्यांदा म्हणलं, भंगारात काय पाहाचं. मूर्तिजापूर काय लंडन हाये? एका तासाची गोष्ट.

शोभी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठलो अन् मूर्तिजापूरची गाडी धरली. तुह्यासाठी गेलो असं लिहिलं तं चांगलं दिसन, पण ते खरं नाई. मी तुले खोटं पाडाले गेलो. तेरा दिवस डोक्यात एकच फिरून राहिलं होतं, आमच्या बाजूनं नव्हता, आमच्या बाजूनं नव्हता. मले वाटलं, एकदाचा दांडा पाहून येतो अन् तुह्या फोटोसमोर उभं राहून सांगतो, घे, होता. म्हणजे तू काही तरी उलट बोलशीन. भांडण चालू राहीन. दुसरं काय राहिलं मह्यापाशी तुहं?

यार्डात निंबाखाली एक रेल्वेचा माणूस बसला होता, पन्नाशीचा. मले पाहून उठला.

"काका, इकडं कुठं? भंगार घ्याले आले का?"

"नाई. तो डब्बा पाहाचा हाये."

"त्यात काय पाहाचं? साप हायेत."

"बायकोशी भांडण हाये माहं. दांड्यावरून."

तो हासला. "मंग काकूले बी आणाचं ना."

"गेली ते."

त्यानं टोपी काढली, परत घातली, अन् काठी घेऊन पुढं चालाले लागला.

डब्बा उभा होता. गंजलेला, छपराची पाठ खचलेली, पण तोच. मधात एक बफर. अलीकडल्या बाजूनं बुडाशी दांडा, पुढं तो अडकवाची भोकं पाडलेली पट्टी, सारं जसं मी केलं तसं. मी पाय ठेवून पाहिला. बरोबर बसला पाय. मी मोठ्यानं म्हणलं, "पाह्य! होता का नाई?" रेल्वेवाला दुसरीकडं पाहाले लागला.

मंग म्हणलं, आलोच हावो तं पलीकडून बी पाहून घेतो. त्यानं काठीनं बाभळीच्या फांद्या बाजूले केल्या. माहा सदरा फाटला. मी वळसा घालून तिकडं गेलो. त्या डब्ब्याची दुसरी बाजू मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

तिथं काही नव्हतं.

वाटलं, गळून पडला असन. खाली बसलो, गुडघे गेले चुलीत. बुडाचं लोखंड इथून तिथून हातानं चाचपलं. मी आयुष्यभर पत्र्यात काम केलं, निंघालेल्या वस्तूची खूण मले बोटाले लागते. भोक नाई. घासलेली जागा नाई. पट्टी नाई. कधी नव्हताच. तुह्या मायची गोधडी तिथून सरळ खाली आली असती, कुठं अडकली नसती.

"काहून?" मी त्याले इचारलं. "एकाच बाजूले काहून?"

"जुन्या डब्ब्याले तसाच राहे, काका. माहा बाप खलाशी होता, तो सांगे. सारे डब्बे एकाच तोंडानं रुळावर ठेवत, म्हणजे खलाश्याले एका बाजूनंच चालता येते, रूळ ओलांडा लागत नाई. अन् डब्बा कोणी फिरवते का? इंजिन इकडचं तिकडं जाये. डब्बा तसाच राहे, जलमभर."

मी तिथंच बसून राहिलो. त्यानं पाणी आणून देलं.

"काका, कोण जिंकलं मंग?"

"तुही काकू," मी म्हणलं.

तू 'नव्हता' एवढंच कधी नाई म्हणली. दर वेळी म्हणली, आमच्या बाजूनं नव्हता. मह्या बाजूनं होता हे तू एकदा बी नाकारलं नाई. "चढले असान," म्हणली. मी अर्धंच ऐके. तुहं बोलणं सुरू झालं की मी 'नव्हता'वर जाये अन् भांडाले लागे. पहिले दोन शब्द ऐकले असते तं तेव्हाच डब्बा पुरा झाला असता. एकदा इचारलं असतं, "तुह्या बाजूनं मंग काय होतं?" तू किती सांगितलं असतं. गोधडीपलीकडं काय होतं ते मले अजून माहीत नाई. आता कोणाले इचारू?

परतीच्या गाडीत जागा मिळाली. बाजूची बाई तिच्या नवऱ्याले काही तरी सांगून राहिली होती अन् तो खिडकीबाहेर पाहून हूं हूं करून राहिला होता. मह्या तोंडावर आलं होतं, अबे ऐक ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे आज, उठल्याबरोबर पाची डब्बे खाली घेतले. प्रत्येकाची एक बाजू तुही धरली. आतापर्यंत त्याईले तुही बाजू नव्हतीच, दोन्ही माह्याच केल्या होत्या मी. चार डब्ब्याचे चार दांडे पकडीनं काढले, कानशीनं घासलं, तुह्या वाटीतला रंग पाणी टाकून ओला केला अन् लावला. रंग जुना नवा ओळखू येत नाई. तू खललाच तसा होता.

पाचव्याचा दांडा काढला तं खाली लांबी राहिली. तिच्यात, दांड्याच्या कडेले दाबलेल्या जागी, तुहा अंगठा उमटला होता. चष्मा पुसून पाहिलं. साऱ्या रेघा होत्या, पत्रा लागून पडलेला तो आडवा काप बी होता.

लांबी घासावी तं अंगठा जाते. ठेवावी तं डब्बा खोटा होते, खऱ्या डब्ब्याले त्या जागी काहीच नाई, मी कालच हात लावून आलो. कानस हातात घेऊन बसलो. तू काय म्हणली असती ते मले माहीत हाये. तू म्हणली असती, घासा, वाकडा डब्बा रुळावर चालते का?

एवढी एक गोष्ट तुही नाई ऐकत, इमल. कानस ठेवून देली. रंग त्या जागेच्या चारी बाजूनं लावला, वरून नाई लावला.

मंग डब्बे फळीवर ठेवले. आजवर माही बाजू समोर राहे, दांड्याची. आज पाची डब्बे फिरवून ठेवले. दारातून येणाऱ्याले आता तुही बाजू दिसते.